निर्यातीचा सौदा ठरण्याआधी कस्टम्स ब्रोकरला विचारा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कांद्याचे किंवा द्राक्षाचे निर्यात धोरण बदलले की ‘न्हावा शेव्यात कंटेनर अडकले’ अशी बातमी ठरलेली असते. कारण म्हणून ‘कागदपत्रांतील त्रुटी’ एवढेच छापले जाते. त्रुटी नेमकी कोणती, ती कुठल्या टप्प्यावर झाली आणि टाळता आली असती का, हे वाचकाला कळत नाही. दुसरीकडे, सगळे आता ऑनलाइन झाले, मग कस्टम्सचा एजंट हवा कशाला, हा प्रश्न नव्याने निर्यातीत उतरणारी शेतकरी उत्पादक कंपनी आणि छोटा कारखानदार हमखास विचारतो. बंदरावर रोज शिपिंग बिले (निर्यातीचे अर्ज) आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचे अर्ज) भरणारे लोक म्हणून आम्ही हे पत्र लिहीत आहोत. आमच्या मते बहुतेक नुकसान बंदरावर होतच नाही. ते सौद्याच्या ई-मेलमध्ये आणि इन्व्हॉइसवर आधीच झालेले असते. ब्रोकरला फोन येतो तेव्हा गाडी घाटात असते आणि जहाजाची कट-ऑफ, म्हणजे माल देण्याची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशीची असते.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ब्रोकर नेमलाच पाहिजे, अशी कायद्याची सक्ती नाही. निर्यातदार किंवा आयातदार स्वतः आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आपली कागदपत्रे भरू शकतो. मात्र दुसऱ्यासाठी हे काम करायचे तर सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४६ नुसार परवाना लागतो. पूर्वी ज्याला सीएचए (कस्टम हाउस एजंट) म्हणत, त्याला २०१३ पासून कायद्यात कस्टम्स ब्रोकर म्हणतात. सध्या २०१८ चे परवाना नियम लागू आहेत. परवान्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा असते. ब्रोकरच्या वतीने कागदावर सही करू शकणारा जी-कार्डधारक वेगळा, मदतनीस एच-कार्डधारक वेगळा. त्याच नियमांतील दहावा नियम प्रत्येक निर्यातदाराने एकदा वाचावा. ग्राहकाचा आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), जीएसटी क्रमांक आणि प्रत्यक्ष पत्ता तपासणे, ग्राहकाला कायदा पाळण्याचा सल्ला देणे आणि त्याने तो पाळला नाही तर सहायक किंवा उपायुक्तांच्या कानावर घालणे, ही ब्रोकरवरची बंधने आहेत. चुकले तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यामुळे ‘तुम्ही फक्त बिल भरा, बाकी आमचे आम्ही बघू’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणणे हासुद्धा या कामाचाच भाग आहे.

आता कांदा. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि ते तत्काळ लागू झाले. त्या वेळी कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामांत, उभे होते, शिपिंग बिले भरलेली होती. ‘बिल आधी भरले आहे, मग जुनाच दर लागला पाहिजे’ असे अनेक निर्यातदारांना वाटत होते. कायदा तसे म्हणत नाही. कलम १६ नुसार निर्यात शुल्काचा दर ठरतो तो अधिकारी माल चढवण्याची परवानगी, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (एलईओ), ज्या तारखेला देतो त्या तारखेचा. शिपिंग बिल आदल्या आठवड्यात भरलेले असले तरी एलईओ राहिलेली असेल तर नवा दर. आकड्यांत पाहा. चाळीस फुटी रीफरमध्ये (शीत कंटेनरमध्ये) साधारण २८ टन कांदा धरला, भाव टनाला ३०० डॉलर एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) धरला, तर माल ८,४०० डॉलरचा होतो. ४० टक्के म्हणजे ३,३६० डॉलर, त्या वेळच्या सुमारे ८३ रुपयांच्या दराने पावणेतीन लाखांच्या वर. एका कंटेनरमागे. एवढा नफा कांद्याच्या एका कंटेनरमध्ये कधीच नसतो.

हे पैसे कोणी भरायचे, याचे उत्तर सौद्यात असायला हवे होते. ‘करारानंतर लागलेले कोणतेही नवे निर्यात शुल्क खरेदीदाराच्या माथी’ अशी एक ओळ दुबईच्या किंवा क्वालालंपूरच्या खरेदीदाराशी झालेल्या करारात असेल, तर निदान बोलणी करायला जागा राहते. बहुतेक छोट्या निर्यातदारांचा करार म्हणजे व्हॉट्सॲपवरचा भाव आणि ‘ओके’. तिथे नुकसान सरळ निर्यातदाराच्या, आणि पुढे लिलावात पडलेल्या भावातून शेतकऱ्याच्या अंगावर येते.

भाव ठरवतानाची आणखी एक चूक वारंवार दिसते. खरेदीदाराला शुल्कासह टनाला ४२० डॉलर एफओबी सांगितले आणि मनात हिशेब केला की ३०० माझे, १२० शुल्काचे. पण २००९ पासून सीमाशुल्क विभाग इन्व्हॉइसवरची एफओबी किंमत हीच शुल्काची मूळ किंमत धरतो, त्यातून शुल्क उलटे वजा करून देत नाही. म्हणजे ४० टक्के ४२० वर लागतात, १६८ डॉलर. टनामागे ४८ डॉलरचा फरक, २८ टनांवर १,३४४ डॉलर. सौद्याआधी ब्रोकरशी पाच मिनिटे बोलले असते तर हे कळले असते.

नंतरच्या दीड-पावणेदोन वर्षांत नियम किती वेळा बदलले ते आठवून पाहावे. २९ ऑक्टोबर २०२३ पासून टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क, म्हणजे परदेशी खरेदीदाराला कांदा टनाला किमान ७७० डॉलरला पडणार. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

यात बंदी आणि शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत महागात पडते. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाकडून निघते, बंदीची डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून. डिसेंबर २०२३ च्या बंदीत वाटेतल्या मालासाठी सवलत होती: अधिसूचनेपूर्वी जहाजावर चढवणे सुरू झालेला माल, शिपिंग बिल भरलेले आणि जहाज बंदरात आलेले असेल तो माल, आणि अधिसूचनेपूर्वी कस्टम्सच्या ताब्यात दिलेला व त्यांच्या प्रणालीत नोंदलेला माल. या तिसऱ्या अटीने अनेकांचे भवितव्य ठरवले. कंटेनर सीएफएसच्या फाटकातून आत आला होता एवढे पुरेसे नव्हते. माल पोहोचल्याची नोंद प्रणालीत कोणत्या वेळी पडली, हे दाखवावे लागत होते. नेटका ब्रोकर गाडी आत आल्याबरोबर ती नोंद करून घेतो आणि वेळेसह तिची प्रत जपून ठेवतो. ‘उद्या सकाळी करू’ म्हणणाऱ्याच्या ग्राहकाचा कांदा परत पिंपळगावला गेला असेल, तर त्यात नवल नाही.

वेळेचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही अधोरेखित केले आहे. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावणारी अधिसूचना संकेतस्थळावर चढली, ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, पण त्याआधी अटारीला भरलेल्या बिल ऑफ एंट्रीवर नवा दर लावता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये जी. एस. चठ्ठा राइस मिल्सच्या प्रकरणात दिला. नुसती तारीख नव्हे, मिनिटेसुद्धा मोजली गेली. बिल कधी भरले, याचा पुरावा ज्याच्याकडे वेळेसह होता तोच जिंकला.

वर्गीकरणाकडे वळतो. एचएस कोडचे (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाचे) पहिले सहा अंक ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या यादीचे, जगभर सारखे. भारतात ते आठ अंकी होतात. ताजा कांदा ०७०३ मध्ये येतो, वाळवलेला कांदा, चकत्या आणि पावडर ०७१२ मध्ये. ताज्या कांद्यावर लागलेले शुल्क किंवा बंदी निर्जलित कांद्याला आपोआप लागत नाही. द्राक्ष ०८०६ १०, बेदाणा ०८०६ २०. हे सोपे झाले. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीतून निघणारे कास्टिंग ‘लोखंडी कास्टिंग’ म्हणून ७३२५ मध्ये जाणार की मशीनिंग करून पंपाचा ओळखता येणारा भाग झाल्यामुळे ८४१३ मध्ये, याचे उत्तर ड्रॉइंग पाहिल्याशिवाय देता येत नाही. ‘मागच्या वेळी जो टाकला तोच टाका’ हे उत्तर नव्हे. कोड चुकला की ड्रॉबॅकचा (शुल्क परताव्याचा) दर चुकतो, परवान्याची अट चुकते आणि खरेदीदाराच्या देशातले सवलतीचे शुल्कही हातचे जाऊ शकते, कारण मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरचा कोड आणि तिकडच्या कस्टम्सने धरलेला कोड जुळत नाही.

शिपिंग बिलातली एकेक चौकट पैशाची असते. निर्यात मालात मुरलेले कर परत देणाऱ्या रोडटेप योजनेचा परतावा हवा असेल तर तसा दावा शिपिंग बिलातच, मालाच्या प्रत्येक ओळीला, नोंदवावा लागतो. तिथे ‘नाही’ गेले की माल निघाल्यावर ते बदलायला कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज, पुरावे आणि महिने जातात. सोलापूरच्या टेरी टॉवेलला रोडटेप नाही, कापडी तयार मालासाठीची आरओएससीटीएल योजना लागते. योजनेचा कोड चुकीचा निवडला तर दोन्हीकडचे पैसे अडतात. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून केलेल्या निर्यातीत शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरला जातो. त्यातला इन्व्हॉइस क्रमांक जीएसटीआर-१ या जीएसटी विवरणाच्या तक्ता ६ए मधल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. एकीकडे ‘एसएलपी/२४-२५/०१७’ आणि दुसरीकडे नुसते ‘१७’ असेल, तर प्रणाली एसबी००५ ही त्रुटी दाखवते आणि परतावा थांबतो. हे हमखास घडते, कारण जीएसटी विवरण अकाउंटंट भरतो, शिपिंग बिल ब्रोकर भरतो आणि दोघांना दोन वेगळी इन्व्हॉइस पाठवलेली असतात: एक व्यापारी, एक कराचे. एकच इन्व्हॉइस, एकच क्रमांक दोघांना पाठवा; हा उपाय फुकट आहे.

कारखान्यात किंवा पॅकहाउसमध्ये भरलेल्या कंटेनरच्या बाबतीत सील नंबर, सील लावल्याची तारीख-वेळ, कंटेनर नंबर आणि गाडी नंबर हे चारही बिनचूक हवेत. कंटेनर नंबर चार अक्षरे आणि सात अंकांचा असतो; शेवटचा अंक हा आधीच्या सगळ्यांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. फोनवरून नंबर लिहून घेताना एक अंक चुकला तर तो या अंकावरून लगेच पकडता येतो. म्हणून नंबर तोंडी सांगू नका, कंटेनरच्या दाराचा आणि सीलचा फोटो पाठवा. द्राक्षाच्या रीफरला न्हावा शेव्याच्या पार्किंग प्लाझात एका अंकासाठी थांबावे लागले आणि जहाजाचे गेट बंद झाले, तर पुढच्या जहाजापर्यंत रीफरच्या विजेच्या प्लगचे भाडे चढते आणि रॉटरडॅमच्या सुपरमार्केटचा आठवडा हुकतो.

आयातीबद्दल थोडक्यात. बिल ऑफ एंट्री जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत भरायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. पाच दिवस म्हणजे ३५,००० रुपये, आणि यात शिपिंग लाइनचे डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा आकार) व सीएफएसचे भाडे धरलेले नाही. जहाज भाड्याचा आकडा कागदावर नसेल तर एफओबीच्या २० टक्के आणि विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरून किंमत वाढवली जाते. भाड्याची पावती वेळेवर दिली तर एवढे शुल्क वाचते. हिशेबाची रीत अशी: करपात्र किंमत १० लाख आणि मूळ शुल्क ७.५ टक्के धरले तर ७५,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७,५००. मग १०,८२,५०० वर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५०. एकूण २,७७,३५० रुपये. ऑर्डर देण्याआधी हा कागद हातात असावा.

२०२० पासून फेसलेस पद्धत आल्यावर न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचे बिल दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासतो. त्याच्यासमोर माल नसतो, कॅटलॉग नसतो, फक्त आपण लिहिलेले वर्णन असते. ‘मशिनरी पार्ट्स’ असे दोन शब्द लिहिले की शंका आलीच, आणि प्रत्येक शंकेला एखादा दिवस जातो. पार्ट कशाचा, धातू कोणता, मॉडेल नंबर काय, वापर कुठे, हे पहिल्याच वेळी लिहून कॅटलॉग ई-संचित या कस्टम्सच्या कागदपत्र प्रणालीवर जोडला तर बिल सहसा फिरून येत नाही. आणि बिल न तपासता सुटले म्हणजे ते बरोबर होते असेही नाही. साध्या चुकीसाठी दोन वर्षांपर्यंत आणि माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत शुल्काची मागणी येऊ शकते. कागद पाच वर्षे जपून ठेवायला आम्ही सांगतो ते यासाठी.

आता आमच्याच क्षेत्रातल्या एका दुखण्याबद्दल. काही ठिकाणी परवाना एकाचा आणि काम भलत्याचेच, अशी पद्धत चालते. ग्राहकाशी बोलणारा फॉरवर्डर (मालवाहतूक ठरवणारा मध्यस्थ) वेगळा, दर कंटेनरमागे शे-दोनशे रुपयांनी कमी, आणि ज्याच्या परवान्यावर बिल भरले त्याला ग्राहकाचे नावही माहीत नाही. हे नियमबाह्य आहे, आणि वांधा झाला की कोणीच फोन उचलत नाही. स्वतःचे बिल स्वतः तपासा. शिपिंग बिलावर ब्रोकरचा कोड छापलेला असतो: त्याचा पॅन, पुढे सीएच आणि तीन अंक. तो कोड तुम्ही ज्याला अधिकारपत्र दिले त्याचाच आहे का ते पाहा. आइसगेटवर बंदराचा कोड, बिल क्रमांक आणि तारीख टाकून बिल कुठे अडले आहे ते कोणालाही पाहता येते. न्हावा शेव्याचा कोड आयएनएनएसए१. ‘कस्टम्सने अडवले’ असे कोणी सांगितले तर आधी तिथे बघा. पुष्कळदा उत्तर न दिलेली शंका आपल्याच बाजूला पडून असते.

पहिल्यांदा निर्यात करणाऱ्या गटांना आमची विनंती आहे की सौद्यावर हो म्हणण्याआधी ब्रोकरला पाच गोष्टी पाठवा: मालाचे पूर्ण वर्णन फोटोसह, कोणत्या देशात व कोणत्या बंदरात, भाव एफओबी की सीआयएफ (विमा व जहाज भाड्यासह), पॅकिंग आणि वजन, आणि खरेदीदाराने मागितलेल्या प्रमाणपत्रांची यादी. त्यावर ब्रोकरकडून लेखी उत्तर घ्या: कोड कोणता, आज शुल्क किंवा बंदी आहे का, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र आणि अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी लागते का, परतावा कोणत्या योजनेखाली. बँकेचा एडी कोड (परकी चलन व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) त्या बंदरावर नोंदलेला आहे का, हेही तेव्हाच विचारा. तो नसेल तर शिपिंग बिल पुढे सरकत नाही, आणि हे कंटेनर भरल्यावर कळणे फार वाईट.

सरकारकडे आमचे एक मागणे आहे. बंदीच्या वेळी वाटेतल्या मालाला जशी सवलत दिली जाते, तशी निर्यात शुल्क लावतानाही द्यावी. अधिसूचनेपूर्वी कस्टम्सच्या प्रणालीत नोंदलेल्या नाशवंत मालाला जुना दर मिळावा. ज्या निर्यातदाराने त्याच्या हातात होते तेवढे सगळे वेळेत केले, त्याने अधिकाऱ्याची सही सोमवारी झाली म्हणून पावणेतीन लाख भरणे न्यायाचे नाही.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे एक. लासलगाव, पिंपळगावचे बाजारभाव आपण रोज छापता. कांदा, द्राक्ष, साखर, तांदूळ यांच्यावर त्या दिवशी निर्यात शुल्क किती, बंदी किंवा किमान मूल्य आहे का, आणि अधिसूचनेचा क्रमांक व तारीख, एवढ्या दोन ओळी त्याच रकान्याखाली छापाव्यात. माहिती संकलित करून तपासून देण्याची जबाबदारी आमच्यापैकी काही जण विनामूल्य घ्यायला तयार आहेत.

आपले,
न्हावा शेवा बंदरात काम करणारे काही कस्टम्स ब्रोकर व जी-कार्डधारक,
उरण, जि. रायगड